सायकलमार्गांचं सरकारी अनुदान: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या टपालात सायकलमार्गांच्या अनुदानाबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. लिहिणाऱ्यांत लोकप्रतिनिधी आहेत, स्थानिक संस्थांतले अभियंते आहेत, रहिवासी संघांचे कार्यकर्तेही आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. योजनांची नावं आणि अटी देशागणिक वेगळ्या असतात, पण छाननीच्या टेबलावर बहुतेक ठिकाणी त्याच गोष्टी तपासल्या जातात. उत्तरं त्या धरून दिली आहेत. शेवटचा शब्द तुमच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांचा.

प्रश्न: आमच्याकडे कालव्याच्या काठाने सलग सहा किलोमीटर जागा मोकळी आहे. तिथे मार्ग करायचा असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, शाळा, बाजार आणि स्टेशन यांच्यामधले तुटलेले तुकडे आधी जोडा. अनुदान कशाला मिळेल?

दुसऱ्या गटाच्या बाजूने बराच जुना पुरावा आहे. नेदरलँड्सच्या केंद्र सरकारने १९७०च्या दशकात हेग आणि टिलबर्ग या शहरांना एकेक ठळक, उत्तम बांधणीचा सायकलमार्ग करायला पैसे दिले. मार्ग देखणे झाले आणि त्यांच्यावर सायकलीही वाढल्या. पण त्यातल्या बऱ्याच शेजारच्या रस्त्यांवरून तिथे वळलेल्या होत्या. शहराचा एकूण सायकल-वापर फारसा हलला नाही. पुढे १९८०च्या दशकात त्याच देशातल्या डेल्फ्ट शहरात एकेक सुटा मार्ग न करता सगळ्या मार्गांचं जाळं धरून काम केलं गेलं. संपूर्ण शहराला जोडणारे मार्ग साधारण ४०० ते ६०० मीटर अंतराने, वस्ती पातळीवरचे २०० ते ३०० मीटरने आणि गल्ली पातळीवरचे त्याहून जवळ, असे तीन थर. तिथे वापर वाढला. स्पेनमधल्या सेव्हिलने २००६ ते २०१० या काळात सुमारे १२० किलोमीटरचं जाळं उभारलं. त्यातला मोठा भाग पहिल्या झटक्यातच एकमेकांना जोडलेला खुला झाला, म्हणून लोकांना पहिल्या दिवसापासून घरापासून कामापर्यंत जाता आलं.

तरी कालव्याचा मार्ग सोडून द्या असं आम्ही म्हणणार नाही. जागा मोकळी असणं ही मोठी जमेची बाजू आहे. अडचण अशी की काठाने जाणाऱ्या मार्गावर चढ-उतरायला जागा कमी असतात. सहा किलोमीटरमध्ये दोनच ठिकाणी वर यायची सोय असेल, तर तो मार्ग सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा होतो, शाळेत जाणाऱ्या मुलीचा होत नाही. दर ४००-५०० मीटरला रॅम्प, रात्रीचा उजेड आणि दोन्ही टोकांना सुरक्षित चौक एवढं धरून अंदाज काढा. मग तीच रक्कम शहरातल्या तुकड्यांवर लावली तर किती घरं किती ठिकाणांना जोडली जातात, ते शेजारी मांडा. दोन रकाने समोर आले की वाद बहुधा तिथेच मिटतो. अमेरिकेच्या केंद्रीय सायकल-पादचारी योजनेच्या २०२४च्या फेरीत तर शहरातलं जाळं आणि गावं जोडणारा कणा असे दोन वेगळे गटच होते. आपला प्रस्ताव कोणत्या गटात बसतो हे अर्जात सांगावं लागे. तुमच्या योजनेत असे गट नसले तरी ते स्वतः ठरवून लिहा.

प्रश्न: योजना जाहीर होते आणि अर्जाला जेमतेम सहा आठवडे मिळतात. एवढ्यात काय काय तयार करायचं?

सहा आठवड्यांत नव्याने काहीच तयार होत नाही, हे आधी मान्य करा. त्या काळात अर्ज भरायचा, सह्या घ्यायच्या आणि आकडे ताजे करायचे. बाकीचं काम योजना नसताना करायचं असतं. इंग्लंडमध्ये २०१७ पासून स्थानिक संस्थांना सायकल आणि पादचारी आराखडा आधी करून ठेवायला सांगितलं जातं. त्यातून तीन गोष्टी हाती याव्यात अशी अपेक्षा असते: जाळ्याचा नकाशा, प्राधान्यक्रमाने लावलेली कामांची यादी आणि त्यामागची कारणं सांगणारा अहवाल. पुढे कुठलाही निधी आला की यादीतलं वरचं काम उचलायचं. कॅनडाच्या केंद्रीय निधीत तर नुसत्या नियोजनासाठी वेगळं अनुदान होतं, कमाल ५० हजार डॉलरपर्यंत. तुमच्याकडे असा नियोजनाचा छोटा निधी असेल तर आधी तो घ्या. बांधकामाचा अर्ज त्याच्या जोरावर पुढच्या फेरीत करा.

कपाटात तयार असायला हवीत अशी कागदपत्रं सांगतो. नकाशा एक, पण त्यावर चार थर: लोक कुठे राहतात, कुठे जातात, अपघात कुठे होतात आणि आत्ता सायकलने जाता येईल असं काय आहे. निदान पाच वर्षांची अपघातांची नोंद पोलिसांकडून मागवून ठेवा. ती मिळायला वेळ लागतो. मार्गाचा १:५०० प्रमाणातला आराखडा. रस्त्याचे छेद (रस्ता आडवा कापला तर कशाला किती रुंदी मिळते ते दाखवणारी चित्रं), आणि इथे बहुतेकांचं चुकतं: सर्वांत ऐसपैस जागेचा छेद 'नमुना' म्हणून जोडला जातो. छाननी करणारा अभियंता सर्वांत अरुंद जागा शोधतो. तुम्हीच ती दाखवा आणि तिथे काय करणार ते सांगा. जागेच्या मालकीचे उतारे, आणि रेल्वे, पाटबंधारे किंवा महामार्ग यांच्या हद्दीतून जाणार असाल तर त्यांची लेखी संमती. 'तोंडी बोलणं झालं आहे' या वाक्याला शून्य गुण असतात. सभागृहाचा ठराव, ज्यात स्वहिस्सा (खर्चातला संस्थेचा स्वतःचा वाटा) आणि देखभाल या दोन्हींची हमी स्पष्ट शब्दांत आहे.

आणि चौक. 'मोठ्या चौकाचं डिझाइन पुढील टप्प्यात' असं लिहिलेले प्रस्ताव ढिगाने येतात. मार्गावरचा धोका मुख्यतः चौकातच असतो, तेव्हा तो वगळलेला प्रस्ताव म्हणजे सोपं तेवढं आमचं, अवघड तेवढं नंतर बघू असं सांगण्यासारखं आहे. पैसे कमी असतील तर मार्गाची लांबी कमी करा, चौक कापू नका.

प्रश्न: गेल्या वेळी प्रति किलोमीटर दर धरून अंदाजपत्रक केलं. मंजुरी मिळाली आणि निविदा दीडपट आल्या. चूक कुठे झाली?

प्रति किलोमीटर दरातच. तो दर सहसा मोकळ्या जागेतल्या मार्गाचा असतो, आणि मोकळ्या जागेत खर्च होतो तो मुख्यतः पृष्ठभागावर. उदाहरणादाखल तीन मीटर रुंद, एक किलोमीटर लांब मार्ग घ्या. क्षेत्र ३,००० चौरस मीटर. खडीचा पाया १५० मिलिमीटर जाडीचा धरला तर दाबून बसवलेला ४५० घनमीटर. सैल खडी त्याहून २० ते ३० टक्के जास्त मागवावी लागते. वर ६० मिलिमीटरचा बांधणीचा थर आणि २५ मिलिमीटरचा वरचा डांबरी थर, म्हणजे २५५ घनमीटर, साधारण ६१० टन. हे गणित कुणालाही करता येतं, आणि त्यात फारशी चूक होत नाही.

वस्तीतल्या रस्त्यावर मात्र पैसा जातो कर्ब, म्हणजे रस्त्याच्या कडेची उंच दगडी किनार, हलवण्यात. कर्ब मीटरभर रस्त्यात सरकवला की पाणी वाहायची जुनी खोलगट रेषा मोडते. प्रत्येक पावसाळी जाळी नव्या कर्बपाशी आणावी लागते, तिचा नळ मुख्य वाहिनीला पुन्हा जोडावा लागतो. जुन्या जाळ्या तशाच ठेवून मार्ग केला तर पहिल्या पावसात त्याचं तळं होतं. मग भूमिगत वाहिन्या. वीज, पाणी, दूरसंचार यांची झाकणं नव्या पातळीला आणायची म्हणजे प्रत्येक झाकणाची चौकट उचलून बसवायची. पदपथाखाली उथळ टाकलेल्या केबल नव्या पायाच्या खोदाईत येतात, आणि त्या हलवण्याचा खर्च ती कंपनी सांगेल तो. या रकमा कोणत्याही दरसूचीत नसतात.

यावर उपाय एकच. अर्जाआधी भूमिगत वाहिन्यांचे नकाशे मागवा, जमिनीखालचं रडार सर्वेक्षण करून घ्या आणि कर्ब जिथे हलणार तिथे चाचणी खड्डे घ्या. नकाशात वाहिनी दाखवली आहे म्हणजे ती तिथेच आहे असं समजू नका. चाचणी खड्ड्यांचा खर्च किरकोळ असतो आणि अनेक योजनांत तो तयारीच्या रकमेत धरता येतो.

अंदाजपत्रकात हे रकाने वेगळे दाखवा: पृष्ठभाग, कर्ब आणि पाणीनिचरा, वाहिन्या, चौक आणि सिग्नल, दिवे, खुणा आणि फलक, कामाच्या काळातली वाहतूक-व्यवस्था, डिझाइन आणि देखरेख, सुरक्षा तपासणी. शेवटी जोखमीची भर, म्हणजे अंदाज कमी पडेल हे धरून वाढवलेली रक्कम. ही भर किती धरावी? ब्रिटनच्या परिवहन खात्याच्या मार्गदर्शनात रस्त्यांच्या कामाला अगदी पहिल्या टप्प्यावर ४४ टक्के भर धरण्याचा दंडक बराच काळ होता, आणि डिझाइन पक्कं होत जाईल तसा तो कमी होई. कागदावरच्या कल्पनेला १० टक्के भर लावून पाठवलेलं अंदाजपत्रक अनुभवी छाननीकाराला पोरकट वाटतं. भाववाढही आजच्या तारखेला धरू नका. काम ज्या वर्षी निम्मं झालेलं असेल त्या वर्षापर्यंतची धरा.

प्रश्न: रस्ता अरुंद आहे. अभियंते म्हणतात दीड मीटर जागा निघेल, तीही दोन्ही दिशांसाठी. काहीच नसण्यापेक्षा बरं ना? नाहीतर पांढरा पट्टा मारून टाकू.

दोन्ही दिशांना मिळून दीड मीटर हे काहीच नसण्यापेक्षा बरं नाही. समोरासमोर आलेल्या दोन सायकलींतली एक रस्त्यावर उतरते किंवा पदपथावर चढते. इंग्लंडच्या जुलै २०२०च्या एलटीएन १/२० या तांत्रिक टिपणीत दुहेरी मार्गाला, गर्दीच्या तासाला ३०० पेक्षा कमी सायकली असतील तर, इष्ट किमान रुंदी ३ मीटर आणि अगदीच नाइलाज असेल तिथे २ मीटर सांगितली आहे. एकेरी मार्गाला तासाला २०० पर्यंत सायकलींसाठी हेच आकडे २ आणि १.५ मीटर. दीड मीटर म्हणजे एकेरीचा नाइलाज. तोही थोड्या अंतरापुरता.

शिवाय ही रुंदी मोकळी हवी. शेजारी १५० मिलिमीटरपर्यंतचा उंच कर्ब असेल तर त्या बाजूला २०० मिलिमीटर वाया जातात, कारण पेडल घासेल म्हणून कुणी कडेला चिकटून चालवत नाही. शेजारी ६०० मिलिमीटरपेक्षा उंच भिंत किंवा कठडा असेल तर अर्धा मीटर. गाड्या उभ्या राहत असतील तर दार उघडण्यासाठी निदान अर्धा मीटर वेगळा. एवढं वजा करून किती उरतं ते मोजा. तीनचाकी, मालवाहू सायकली आणि दिव्यांगांच्या सायकली १.२ मीटर रुंद आणि २.८ मीटर लांब असू शकतात. त्याच टिपणीत डिझाइनसाठी हे माप धरलं आहे. मार्गाच्या तोंडाशी मोटारसायकली अडवायला खांब रोवायचे असतील तर दोन खांबांमध्ये दीड मीटर मोकळं ठेवा. झिगझॅग लोखंडी कुंपणं लावाल तर मोटारसायकलवाले वाट काढतीलच, अडकतील ते तीनचाकीवाले.

पांढऱ्या पट्ट्याबद्दल: वर्दळीच्या रस्त्यावर नुसत्या रंगाला पैसे न देणाऱ्या योजना वाढत आहेत. पट्ट्यावर गाड्या उभ्या राहतात. जागा खरंच नसेल तर मार्गच करू नका, रस्ता बदला. गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणि वर्दळ दिवसाला सुमारे २,००० वाहनांच्या खाली आणता आली, तर बहुतेक लोक गाड्यांच्या सोबतीनेही निर्धास्त सायकल चालवतात. गल्लीचा नुसता जवळची वाट म्हणून वापर करणारी वाहनं एका खांबाच्या किंवा कुंड्यांच्या अडसराने थांबवली की गल्लीतली वर्दळ निम्म्याहून खाली येऊ शकते, आणि त्याला मीटरभरही नवं बांधकाम लागत नाही. अशी कामंही 'जाळ्याचा भाग' म्हणून अनुदानाला चालतात. आमच्या मते ती सर्वांत कमी मागितली जाणारी आणि सर्वांत जास्त फळ देणारी आहेत.

भारतात सायकलमार्गांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ११ हे प्रमाण (२०१५ची आवृत्ती) आहे, डच लोक क्रॉव या संस्थेची पुस्तिका वापरतात. तुमच्या योजनेने जे प्रमाण नेमलं असेल त्याच्या तक्त्याचा क्रमांक देऊन प्रत्येक तुकड्याची रुंदी लिहा. जिथे कमी पडते तिथे किती मीटर लांबीत आणि का, तेही लिहा.

प्रश्न: आमच्या रस्त्यावर आत्ता सायकली जवळजवळ नाहीतच. मग फायदा कसा दाखवायचा? अर्जात 'अपेक्षित वापरकर्ते' असा रकाना आहे.

आधी 'जवळजवळ नाहीत' हे मोजा. हाताने मोजायचं तर सकाळी सात ते संध्याकाळी सात, मंगळवार ते गुरुवारपैकी दोन दिवस आणि एक शनिवार. शाळांना सुट्टी नको, पाऊस नको, सण नको. स्त्रिया, मुलं, पदपथावरून चालवणारे आणि सायकल हातात धरून चालणारे वेगळे मोजा. शेवटचे दोन आकडे मोठे निघाले तर तो थेट पुरावा आहे की लोकांना जायचं आहे पण रस्त्याची भीती वाटते. जमलं तर दोन आठवडे स्वयंचलित मोजणी करा. रबरी नळ्यांचं यंत्र भाड्याने मिळतं, पण ते सायकली ओळखणारं आहे ना ते विचारून घ्या. नुसत्या मोटारींसाठी लावलेलं यंत्र हलक्या चाकांना सोडून देतं.

मग मागणी. रस्त्यावरून आज कोण जातं यापेक्षा पाच किलोमीटरच्या आतल्या किती फेऱ्या आज दुचाकीने, रिक्षाने किंवा गाडीने होतात, हे पाहा. शाळेचा पटच उपयोगी पडतो: किती मुलं तीन किलोमीटरच्या आत राहतात, त्यांतली किती सोडायला-आणायला कुणी येतं.

फायद्याचं पैशातलं गणित करायला जागतिक आरोग्य संघटनेचं हीट नावाचं साधन फुकट उपलब्ध आहे. त्याचा गाभा समजून घ्या, म्हणजे आकडा कुणी विचारला तर सांगता येईल. आठवड्याला १०० मिनिटं सायकल चालवणाऱ्या प्रौढांत मृत्यूचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी, असं त्यात धरलं आहे. समजा तुमच्या मार्गामुळे ४०० प्रौढ नव्याने रोज जाऊन-येऊन पाच किलोमीटर चालवतील, वर्षातून २०० दिवस. ताशी १५ किलोमीटर वेगाने रोज २० मिनिटं, वर्षाला ४,००० मिनिटं, आठवड्याला ७७. म्हणजे या ४०० जणांचा धोका साधारण पावणेआठ टक्क्यांनी खाली येतो. साधन पुढे याचं पैशात रूपांतर करतं. यात दोन चुका नेहमी होतात. एक, शाळकरी मुलं गणितात धरली जातात. ही पद्धत सायकलसाठी २० ते ६४ या वयाची आहे. दोन, मार्ग खुला झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ४०० जण येतील असं मानलं जातं. वापर हळूहळू वाढतो, तेव्हा दोन-तीन वर्षांची चढण धरा.

एक आकडा तुलनेला ठेवा. इंग्लंडने २००५ साली एक्सेटर, डार्लिंग्टन, डर्बी अशा सहा शहरांना सायकलसाठी खास निधी दिला होता. मार्गांबरोबर शिकवण्या आणि प्रसारही होता. सुरुवातीच्या चार वर्षांत सायकलींची मोजणी सरासरी २७ टक्क्यांनी वाढली. तुमच्या अर्जात एका मार्गाने पहिल्या वर्षी ३०० टक्के वाढ लिहिली असेल, तर ती का, याचं उत्तर तयार ठेवा. आज दहाच सायकली आहेत म्हणून टक्केवारी फुगते, हे ठीक उत्तर आहे, पण मग टक्केवारी न लिहिता संख्या लिहा.

प्रश्न: आम्ही रहिवासी संघ आहोत. थेट अर्ज करता येईल का?

बांधकामाला बहुतेक ठिकाणी नाही. रस्ता ज्याच्या ताब्यात, अर्ज त्याचा. तुम्ही मोजणी करून द्या, अरुंद जागांची मापं फोटोसह द्या, शाळेची आणि दवाखान्याची पाठिंब्याची पत्रं आणा. पत्रात 'आमचा पाठिंबा आहे' यापेक्षा 'आमच्या ६२० विद्यार्थ्यांपैकी इतके या चौकातून येतात' असं वाक्य हवं. सायकलतळ, शिकवणी वर्ग अशा छोट्या कामांचे निधी मात्र कधीकधी संस्थांना थेट मिळतात.

प्रश्न: स्वहिस्सा म्हणजे नेमकं काय? आमच्या कर्मचाऱ्यांचा वेळ, दान मिळालेली जागा हे चालतं का? आणि पैसे आधी मिळतात की नंतर?

प्रमाण योजनेवर आहे. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन आल्टरनेटिव्हज योजनेत केंद्राचा वाटा सर्वसाधारणपणे ८० टक्के. जर्मनीत २०२१ साली सुरू झालेल्या 'श्टाट उंड लांट' कार्यक्रमात ७५ टक्क्यांपर्यंत, आणि आर्थिकदृष्ट्या दुबळ्या स्थानिक संस्थांना ९० टक्क्यांपर्यंत. उरलेला तुमचा.

वस्तुरूप हिस्सा चालतो का, हे सूचनांत शब्दशः शोधा. चालत असेल तर जागेचं अधिकृत मूल्यांकन आणि कर्मचाऱ्यांच्या तासांची नोंद लागते, आणि ही नोंद मंजुरीच्या तारखेपासूनचीच धरली जाते. मंजुरीआधी केलेला खर्च बहुधा बाद होतो. उत्साहाने आधीच काम सुरू करणाऱ्या संस्था इथे हमखास अडकतात. केंद्राच्या एका योजनेचा पैसा केंद्राच्याच दुसऱ्या योजनेत स्वहिस्सा म्हणून दाखवणंही सहसा मान्य होत नाही.

पैसे आधी की नंतर, हा प्रश्न फार कमी जण विचारतात म्हणून तुमचं कौतुक. ट्रान्सपोर्टेशन आल्टरनेटिव्हज ही अमेरिकी योजना परताव्याची आहे. आधी ठेकेदाराला तुम्ही द्यायचं, मग बिलं पाठवून वाटा परत घ्यायचा. म्हणजे २० टक्क्यांची सोय करून भागत नाही. तिजोरीत तीन-चार महिन्यांच्या पूर्ण बिलांइतका फिरता पैसा लागतो. हप्त्यांची योजना असेल तर पहिल्या हप्त्याच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले असा दाखला) गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. म्हणून निविदेतले बिलांचे टप्पे हप्त्यांच्या टप्प्यांशी जुळवून घ्या. ठेकेदाराचं बिल ४० टक्के कामावर आणि हप्ता ५० टक्क्यांवर, असं झालं की मधल्या दहा टक्क्यांत काम बंद पडतं.

प्रश्न: मार्गासाठी एका बाजूची वाहनं उभी करायची जागा काढावी लागेल. दुकानदारांचा विरोध आहे. अर्जात हे लपवावं का?

लपवू नका. विरोध कुठे ना कुठे छापून येतो आणि मंजुरीनंतर निघाला तर जास्त महागात पडतो. ब्रिटनने मे २०२० मध्ये कोविडच्या काळात तातडीचा निधी काढला, तेव्हा पैसे मिळाल्यापासून चार आठवड्यांत काम सुरू आणि आठ आठवड्यांत पूर्ण, नाहीतर निधी परत, अशी अट होती. लोकांशी बोलायला वेळच उरला नाही, आणि काही ठिकाणी प्लॅस्टिकचे खांब जितक्या झटपट लागले तितक्याच झटपट निघाले.

दुकानांपुढे कोणती गाडी किती वेळ उभी असते ते दोन दिवस दर पंधरा मिनिटांनी क्रमांकासह नोंदवा. ठरवून आलेलं गिऱ्हाईक आणि दिवसभर लावून ठेवलेली गाडी यांचा हिशेब निघतो. दिवसभराच्या गाड्यांत दुकानांतल्याच माणसांच्या किती, हेही कळतं. ही माहिती सभेत जरा जपून वापरा. माल उतरवण्याची जागा मात्र खरी गरज आहे. ती आराखड्यात वेळेसह दाखवा, बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी चालते. ती दिली नाही तर टेम्पो सायकलमार्गावरच उभा राहणार.

प्रश्न: मंजुरी मिळाली. आता कामाच्या वेळी कशावर लक्ष ठेवायचं?

पहिली गोष्ट, मंजूर कामात बदल. झाड आडवं आलं, वाहिनी निघाली, मार्ग पाच मीटर सरकवावा लागला, तर निधी देणाऱ्या कार्यालयाला काम करण्याआधी लेखी कळवा आणि उत्तराची वाट पाहा. नंतर कळवलेला बदल लेखापरीक्षणात 'मंजुरीबाह्य खर्च' होतो आणि रक्कम परत मागितली जाते.

जागेवर या गोष्टी पाहा. वरचा डांबरी थर यंत्राने टाकलेला हवा. हाताने पसरलेल्या थरावर लाटा राहतात, मोटारीत जाणवत नाहीत पण सायकल चालवणाऱ्याच्या मनगटाला जाणवतात. पेव्हर ब्लॉक टाळा. टाळता येत नसतील तर कडा तासलेले नसलेले घ्या, कारण तासलेल्या कडांची खाच प्रत्येक सांध्यावर थरथर देते. आडवा उतार अडीच टक्क्यांपर्यंत, एकाच बाजूला. लांबीच्या दिशेचा चढ ५ टक्के असेल तर ३० मीटरपेक्षा जास्त सलग नको, ३ टक्के असेल तर ८० मीटर. पावसाळी जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला आडव्या. एकही उभी बसली तर पातळ चाक अडकून माणूस पडतो. छोट्या रस्त्याच्या तोंडाशी मार्ग आहे त्याच उंचीवर पलीकडे जावा आणि गाडी चढून जावी. जागा असेल तर ओलांडायची जागा मुख्य रस्त्यापासून पाच मीटर आत घ्या, म्हणजे वळलेली एक गाडी मध्ये थांबू शकते. बसथांब्यापाशी मार्ग थांब्याच्या मागून न्या.

मार्गाशेजारी झाडं असतील तर मुळांसाठी अडथळा-पत्रा आत्ताच घाला. पातळ डांबरी थर मुळं काही वर्षांत उचलतात. दुरुस्तीला तेव्हा अनुदान नसतं.

प्रश्न: देखभालीचा खर्च अनुदानात धरता येतो का?

जवळपास कुठेच नाही. अनुदान भांडवली असतं, झाडणं आणि खड्डे बुजवणं महसुली. काही ठिकाणी विकसकाकडून देखभालीसाठी एकरकमी ठेव घेता येते, तेवढीच वाट.

म्हणून अर्जाबरोबरच वर्षाचं देखभाल-पत्रक जोडा: झाडणं किती दिवसांनी, दोन्ही बाजूंची झुडपं वर्षातून किती वेळा, खुणा कधी रंगवायच्या, दिव्याची तक्रार किती तासांत, आणि जबाबदार विभाग कोणता. सायकलमार्गाला रस्त्यापेक्षा जास्त झाडावं लागतं, कारण गाड्यांची चाकं रस्त्यावरची काच आणि वाळू कडेला ढकलतात आणि मार्गावर ती उडवून लावायला काही नसतं. कर्बने वेगळा केलेला मार्ग असेल तर रस्त्याचं मोठं झाडण-यंत्र आत जात नाही. अरुंद यंत्र घ्यावं लागतं, किंवा माणसं लावावी लागतात. यंत्राची रुंदी, वळायला लागणारी जागा आणि वजन किती, हे आरोग्य विभागाला आराखडा पक्का होण्याआधी विचारा. त्या मापावरून मार्गाच्या तोंडाची रुंदी आणि पायाची जाडी दोन्ही बदलू शकतात.